सूर आणि पहारा (लेखांक ७) : गाणं पोहोचवणारे

पंचवटी म्हटलं की रामकुंड, काळाराम आणि सीतागुंफा आठवतात. गाण्याचं नाव सहसा कुणी काढत नाही. पण पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात मुक्काम हलवला तो इथेच. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये ते मुंबईत आणलं, आणि तिथली इमारत पुढे कर्जापायी लिलावात गेली. पंचवटीतल्या श्रीरामनाम आधाराश्रमात मात्र त्यांचं रामनाम आणि शिकवणं, दोन्ही चालू राहिलं.

एवढा भाविक माणूस बंदीच्या लेखमालेत कशाला, असं कुणी विचारील. १९२३ चं काँग्रेसचं काकीनाडा अधिवेशन हे त्याचं उत्तर. पंडितजी रिवाजाप्रमाणे ‘वंदे मातरम्’ म्हणायला उभे राहिले. अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली, गायन आपल्या धर्माला मान्य नाही म्हणून. हा मंच राष्ट्रीय सभेचा आहे, कुठल्या एका धर्माचा नाही, असं सांगून पंडितजींनी गाणं पुरं केलं. या प्रसंगाचं पुढे दोन्ही बाजूंच्या राजकारणानं खूप भांडवल केलं. त्यात मला रस नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते इतकंच, की पलुसकरांचा आवाज कुणाच्या यंत्रावर अवलंबून नव्हता. ध्वनिक्षेपकाविना सभा भरून टाकणारा गळा होता तो. तो बंद करायचा तर माणसालाच हात धरून खाली बसवावं लागलं असतं, आणि तेवढं धाडस त्या मांडवात कुणी केलं नाही.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांच्या वाट्याला मात्र यंत्र आलं. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई रेडिओवर गाताना त्यांनी ‘वंदे मातरम्’ सुरू केलं आणि केंद्राचे संचालक बुखारी यांनी प्रक्षेपणच तोडलं. स्टुडिओत गाणारा गात होता, पण घराघरांतल्या संचातून काही येत नव्हतं. मास्तरांनी त्यानंतर आकाशवाणीवर बहिष्कार टाकला, तो स्वातंत्र्य उंबऱ्यावर येईपर्यंत. काकीनाड्यात गाणाऱ्याला थांबवायला निदान उठून बोलावं तरी लागलं. मुंबईत नुसतं बटण फिरवून भागलं.

गेल्या आठवड्यात आपण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी नभोवाणीबद्दल वाचलं. नको त्या गाण्यावर सुईच चालू नये म्हणून तिथल्या ग्रंथालयात तबकडीवर अणकुचीदार वस्तूनं ओरखडे काढून ठेवत. गायकाला हात लावायची गरज नाही, नळ बंद केला की पुरे. हा धडा आपल्याकडे त्याहून जुना आहे, आणि त्याचं सर्वांत कठोर उदाहरण नाशिकचंच आहे.

गोदावरीच्या अलीकडच्या तीरावर, जुन्या नाशकात, कवी गोविंद राहत. गोविंद त्र्यंबक दरेकर. पायांनी अधू, शिक्षण बेताचं, आणि आधी लावण्या रचणारा हा माणूस. सावरकर बंधूंच्या ‘मित्रमेळा’ या क्रांतिकारी संघटनेत आल्यावर त्यांची लेखणी फिरली. पोवाडे आणि पदं गणेशोत्सवात, शिवजयंतीला मुलांच्या तोंडून गावभर जाऊ लागली. सरकारचं लक्ष होतंच. १९०६ च्या दसऱ्याला सीमोल्लंघनाहून परतताना ‘वंदे मातरम्’च्या घोषणा दिल्या म्हणून नाशकात खटला झाला होता. पुढे बाबाराव, म्हणजे गणेश दामोदर सावरकर, यांनी गोविंदांची पदं घेऊन ‘लघु अभिनव भारतमाला’ हे छोटं पुस्तक छापून काढलं. त्यातल्या चार कवितांवर बोट ठेवून त्यांना पकडण्यात आलं, आणि ८ जून १९०९ रोजी नाशिकच्या सत्र न्यायालयानं शिक्षा सुनावली : जन्मठेप काळं पाणी आणि मालमत्ता जप्त. कलम १२१, राजाविरुद्ध युद्ध पुकारणं. पुराव्यात बंदूक नव्हती, पौराणिक आणि ऐतिहासिक दाखले असलेली पदं होती. शिवाजी, कृष्ण ही नावं वरकरणी, रोख आजच्या राज्यकर्त्यांवर, असा सरकारी पक्षाचा अर्थ होता. उच्च न्यायालयात न्या. चंदावरकर आणि न्या. हीटन यांनी शिक्षा कायम ठेवली.

त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते ते प्रकाशक बाबाराव, कवी गोविंद नव्हेत. अंदमानात गेले तेही बाबाराव. नंतर २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या, त्यामागच्या रागात ही शिक्षाही होती. तो इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. त्याआधीचा, चार गाण्यांचा आणि एका छापील पुस्तकाचा, सहसा सांगितला जात नाही. कविता कवीच्या खोलीत आहे तोवर तिचं भय कमी. ती पुस्तकातून शंभर घरांत गेली की भय. सरकारनं भीती नेमकी ओळखली होती, असं मला वाटतं.

स्वतंत्र भारतात ही ओळख विसरली गेली नाही. आणीबाणीत किशोरकुमारनं सरकारी कार्यक्रमांशी सहकार्य नाकारलं, तेव्हा मे १९७६ मध्ये त्याची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब झाली. त्याला तुरुंगात टाकलं नाही. टाकायची गरजच नव्हती. देशात रेडिओ एकच होता, आणि तो सरकारचा होता. पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर हे प्रकरण उघडं पडलं.

या सूत्राला एक मोठा अपवाद आहे, आणि तो लपवला तर लेखमाला खोटी ठरेल. शाहीर. शाहिराचं माध्यम शाहीरच असतो : डफ, गळा आणि समोरची माणसं. त्यामुळे त्याच्याबाबतीत पोहोचवणारा वेगळा सापडतच नाही, आणि कारवाई थेट अंगावर येते. अण्णाभाऊ साठ्यांच्या लाल बावटा कलापथकावर मुंबई सरकारनं बंदी घातली होती. आपल्या काळात पुण्याच्या कबीर कला मंचावर माओवाद्यांशी संबंध असल्याचा आरोप ठेवण्यात आला. कलावंतांनी तो नाकारला. शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ ला विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केलं, आणि सचिनला जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडलं. आरोप खरे की खोटे हे न्यायालयानं ठरवायचं. पण जामिनासाठीच साडेतीन वर्षांहून जास्त लागतात, तेव्हा बाकीच्या गाणाऱ्यांना मिळायचा तो निरोप मिळालेला असतो.

आता कॉलेज रेडिओकडे येऊ. या लेखमालेला सुरुवात झाली ती त्याच्यापासून. अमेरिकेत एफएम पट्टीचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा तुकडा बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवला आहे. जाहिरातदाराचं मन राखायचं नसल्यामुळे तिथली विद्यार्थ्यांची केंद्रं माली, नायजेरिया, चिली अशी कुठलीही गाणी लावू शकली. जगभरचं संगीत त्या देशात मुरलं त्यात या केंद्रांचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे हे दार उघडलं एका मराठी न्यायमूर्तींच्या हातून. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांनी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला, की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. विषय क्रिकेटचा, लाभ रेडिओचा. डिसेंबर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना परवाने द्यायचं धोरण आलं, १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं, आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, मुंबई विद्यापीठाचं १०७.८, नाशिकचं ९०.८ वरचं रेडिओ विश्वास, ही सगळी त्याच दारातून आलेली मंडळी. रेडिओ विश्वासनं कोरोनाकाळात शाळकरी मुलांसाठी धडे प्रक्षेपित केले आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला.

दार उघडलं खरं, पण उंबरठा उंच आहे. प्रक्षेपणाची ताकद शंभर वॅट. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला हवा. बातम्या स्वतःच्या द्यायच्या नाहीत, आकाशवाणीच्याच, जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून, लावायच्या. जे वाजवलं त्याचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं, मागितलं तर दाखवायला. आणि काय वाजवायचं नाही याच्या यादीत, अश्लीलता आणि बदनामी यांच्या सोबतीला, एक कलम आहे : मित्रराष्ट्रांवर टीका नको.

हे कलम गाण्याला लावून बघा. शेरविन हाजीपूरच्या ‘बराये’ या इराणी गाण्याला २०२३ मध्ये ग्रॅमी सोहळ्यात सामाजिक बदलासाठीचा खास पुरस्कार मिळाला, आणि त्याच गाण्याच्या वादात पुढे इराणी न्यायालयानं त्याला तुरुंगवासाची शिक्षा दिली. तूमाज सालेही या रॅपरला एप्रिल २०२४ मध्ये फाशी सुनावली गेली. जूनमध्ये इराणच्याच सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, डिसेंबरमध्ये तो सुटला. इराण आपलं मित्रराष्ट्र आहे. मग नाशकातल्या एखाद्या कॉलेजच्या पोरांनी तासाभराचा कार्यक्रम करून ही गाणी लावली आणि त्यामागची हकिकत मराठीत सांगितली, तर ती टीका झाली की संगीताचा परिचय? कलमात व्याख्या नाही. कुणी नोटीस पाठवील असं नाही, बहुधा पाठवणारही नाही. पण परवाना संस्थेच्या नावावर असतो, गाणं निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या नव्हे. म्हणून यादी आधी प्राचार्यांच्या टेबलावर जाते, आणि ‘हे राहू द्या, त्याऐवजी एखादं आफ्रिकन लोकगीत घ्या’ असा पेन्सिलीचा शेरा घेऊन परत येऊ शकते. अशा शेऱ्याची नोंद कुठल्या आयोगापुढे जात नाही.

पुढच्या लेखांकात मालीकडे वळू : २०१२ मध्ये तिथल्या उत्तर भागात संगीतच निषिद्ध ठरलं, तेव्हा गाणी कुठून कुठे गेली ते पाहायला.