दीर्घ दस्तऐवजांतील पुनरुक्त मजकूर : शोध आणि दुरुस्ती

टंकलेखन यंत्राच्या काळात एखादा परिच्छेद दुसऱ्या ठिकाणी घ्यावयाचा, तर तो पुन्हा अक्षरशः टंकित करावा लागे. त्या श्रमांमुळेच पुनरुक्तीला आळा बसे. संगणकावर नक्कल करणे क्षणाचे काम झाले आणि कार्यालयीन अहवाल फुगू लागले. पाने वाढतात ही तक्रार तशी गौण होय. खरी अडचण ही की, एका मजकुराच्या दोन प्रती झाल्या म्हणजे पुढे त्यांतील एकीतच दुरुस्ती होते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणास १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी लागते व ती दरवर्षी अद्ययावत करावी लागते. शाखाशाखांकडून आलेले मजकूर एकत्र जोडून ही पुस्तिका तयार करण्याची रीत सर्वपरिचित आहे. तिच्या नवव्या बाबीत अधिकारी व कर्मचारी यांची निर्देशिका असते, तर सोळाव्या बाबीत जनमाहिती अधिकाऱ्याचे नाव व पदनाम. अधिकाऱ्याची बदली झाली, सोळाव्या बाबीत नवे नाव आले आणि नवव्या बाबीत जुनेच राहिले, तर नागरिकाने कोणते पान प्रमाण मानावे? मुदती, शुल्क, कार्यालयाची वेळ यांबाबतही हेच घडू शकते.

अशी पुनरुक्ती शोधण्याचा पहिला उपाय म्हणजे ‘वर्ड’ अथवा ‘लिब्रेऑफिस रायटर’ यांतील शोधाची सोय. कंट्रोल व एफ या कळा एकत्र दाबून शब्द दिला की, तो कोठे कोठे आला आहे हे पाहता येते. मात्र ‘वर्ड’च्या शोधचौकटीत २५५ चिन्हांपेक्षा अधिक मजकूर बसत नाही. काना, मात्रा, वेलांटी हीदेखील स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जात असल्याने मराठीतील मोठा परिच्छेद तीत मावत नाही.

शिवाय, काय शोधावयाचे हेच ठाऊक नसेल तर ही सोय निरुपयोगी ठरते. अशा वेळी दस्तऐवजाची वेगळी प्रत काढून सर्व मजकूर ‘एक्सेल’सारख्या तक्त्यात उतरवावा. प्रत्येक परिच्छेद एकेका ओळीत येतो. शेजारच्या स्तंभात अनुक्रमांक घालावेत, म्हणजे मूळ क्रम हरवत नाही. नंतर परिच्छेदांची वर्णक्रमाने मांडणी केली की, सारखे परिच्छेद एकाखाली एक येऊन उभे राहतात.

या रीतीलाही मर्यादा आहे. एका परिच्छेदाचा आरंभ ‘सदर’ने व दुसऱ्याचा ‘उपरोक्त’ने झाला, तर पुढचा सर्व मजकूर समान असूनही दोघे दूर फेकले जातात. या प्रश्नावर आंद्रेई ब्रॉडर यांनी १९९७ मध्ये एक युक्ती मांडली. मजकुरातील लागोपाठच्या शब्दांचे छोटे गट घ्यावयाचे. पहिला ते पाचवा शब्द, मग दुसरा ते सहावा, याप्रमाणे छपरावरील कौलांसारखे एकावर एक सरकलेले. एक शब्द बदलला तर त्याला स्पर्श करणारे पाचच गट बिघडतात, बाकीचे जुळतात. किती गट समान आहेत यावरून दोन मजकुरांचे साम्य मोजता येते. संशय असलेल्या परिच्छेदाच्या आरंभीचे नव्हे, तर मधले पाचसहा शब्द उचलून शोध घेणे ही याच तत्त्वाची हातची आवृत्ती होय.

मराठीत आणखी एक गुंतागुंत आहे, आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होते: ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. कागदावर दोन्ही रूपे एकच दिसतात. परंतु त्यांचे सांकेतिक क्रमांक भिन्न असल्याने एकाच्या शोधात दुसरे निसटू शकते. यास्तव शोधासाठी असे अक्षर नसलेले शब्द निवडावेत. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांतील मजकुरात तर देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावाचून शोध व्यर्थ होय.

सापडलेली प्रत्येक पुनरुक्ती खोडावयाची असते असे नाही. निविदेतील विहित अटी, व्याख्या किंवा गावनिहाय तक्त्यांची शीर्षके हेतुतः पुन्हा येतात. इतर ठिकाणी मजकुराचे एक स्थान प्रमाण ठरवावे व अन्यत्र ‘बाब सोळा पाहा’ असा निर्देश द्यावा. मजकूर दोन्हीकडे छापणे आवश्यकच असेल, तर प्रमाण मजकुरास खूणपट्टी लावून दुसऱ्या जागी तिचा संदर्भ घालण्याची सोय दोन्ही प्रणालींत आहे. तो संदर्भ निवडून एफ-नऊ ही कळ दाबली की, मूळ जागी केलेली दुरुस्ती तेथेही उतरते. ही कळ दाबण्याचे काम छपाईपूर्व तपासणी करणाऱ्या लिपिकाकडे नावानिशी सोपवावे.