उघड्या पेटीतील नंदीबैल

धारेचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील वास्तुग्रंथाचा ३१ वा अध्याय यंत्रांना वाहिलेला असून, त्यात दिव्यात तेल घालणाऱ्या पुतळ्या, नाचणारे पक्षी, पाणी पिणारा हत्ती आणि दारावर पहारा देणारे लाकडी द्वारपाल अशी मोठी मौजेची यादी येते. पण ही यंत्रे घडवावीत कशी याचा तपशील ग्रंथकाराने हेतुपुरस्सर गाळला आहे, आणि अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी तो गाळला, असा खुलासाही त्याने तेथेच करून ठेवला आहे. यंत्राची कळ चारचौघांत उघडी पडली की त्याचे फळ गेले, असे त्याचे म्हणणे. दरबारापुरते ते खरेही असेल. प्रजेने आ वासून पाहावे आणि स्वारीच्या ऐश्वर्यात आणखी एका चमत्काराची भर पडावी, एवढाच ज्या पुतळीचा उपयोग, तिची पेटी बंद राहणेच इष्ट.

शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला, सातवी-आठवीच्या मुलांकडून पुठ्ठ्याच्या हलत्या पुतळ्या करून घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाला मात्र भोजाच्या नेमके उलट वागावे लागते. त्याच्या पेटीची पुढची बाजू कापलेली असावी लागते, चकती कोठे बसली आहे, दांडा कोठे टेकला आहे, घर्षण कोठे होते आहे हे शेवटच्या बाकावरून दिसावे लागते. आणि पुतळीच्या सोंगापेक्षा तिच्या पोटातील कळीकडेच पाहणाऱ्याची नजर वळली, तर त्यात पुतळीचा अपमान नाही, हे आधी स्वतःला व मग मुलांना पटवावे लागते. या लेखात जे सांगावयाचे आहे ते या उघड्या पेटीविषयीच आहे.

बंद पेटीची एक खोडी अशी की तिच्यात खरे कसब आणि निव्वळ लबाडी यांचा मुक्काम एकत्र असू शकतो. फ्रान्सच्या झाक द व्होकान्सोंने १७३९ मध्ये दाणे टिपून पचवणारे म्हणून जे बदक लोकांपुढे आणले, त्याचे पंख हलवण्याचे काम अस्सल होते, पचन मात्र बनावट होते. वोल्फगांग फॉन केंपेलेन याने १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात दाखवलेला बुद्धिबळपटू ‘तुर्क’ तर त्याहून नामांकित. खेळाआधी पेटीची दारे एकेक करून उघडून आतली चक्रे दाखवण्याचा दस्तुर तेथे रीतसर पाळला जाई, आणि तरीही चक्रांमागे एक हाडामांसाचा खेळाडू दबा धरून बसलेला असे. ८०-८५ वर्षे त्या पेटीने दोन खंडांतील शहाण्यांना चकवले आणि शेवटी १८५४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आगीत ती भस्म झाली.

याच काळात स्वित्झर्लंडमध्ये प्येर जाके-द्रो व त्याचा मुलगा आँरी-लुई यांनी, झाँ-फ्रेदेरिक लेशो या सहकाऱ्यासह, १७६८ ते १७७४ या वर्षांत घडवलेला ‘लेखक’ आजही न्यूशातेलच्या संग्रहालयात आहे. सुमारे ६,००० भागांचा हा लाकडी मुलगा टाक शाईत बुडवतो, झटकतो आणि ४० अक्षरांपर्यंतचा, आपण ठरवून दिलेला मजकूर कागदावर उमटवतो. त्याची पाठ उघडली म्हणजे आत कॅमची चळत दिसते: कडा वेड्यावाकड्या कापलेल्या धातूच्या चकत्या, आणि प्रत्येक अक्षरासाठी त्यांपैकी तीन, एक हात आडवा नेणारी, एक पुढेमागे करणारी, एक लेखणी उचलून टेकवणारी. शाळेतील पोरगा चपलेच्या जुन्या रबरातून जी चकती कापतो ती या चकत्यांच्याच कुळातली. हे त्याला सांगितलेले बरे. आपल्या हातातील ओबडधोबड वस्तूला एवढे खानदान आहे हे कळले की कात्री थोडी जपून चालते.

कळ उघडी करणारेही या परंपरेत होऊन गेले. दियारबकिरच्या आर्तुकी दरबारात चाकरीस असलेल्या अल्-जझरीने १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात हात धुण्याला पाणी देणारे सेवक, जलघड्याळे आणि नौकेत बसलेले वादक यांच्या नुसत्या बढाया नाहीत. कोणता भाग कशाचा, केवढा आणि कसा जोडायचा हे तो इतक्या बारकाईने सांगतो की पुढच्या कारागिराने ते करून पाहावे. जपानात होसोकावा हान्झो याने १७९६ मध्ये ‘काराकुरी झुई’ या पुस्तकात चहाचा पेला घेऊन पाहुण्यापर्यंत चालत जाणाऱ्या बाहुलीची आकृती छापली. पेला हातावर ठेवला की ती चालू लागते, उचलला की थांबते. तिच्यातील कमान देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्टीची असे. विसाव्या शतकात जेव्हा अशी बाहुली पुन्हा घडवण्याची कोणाला उमेद आली, तेव्हा त्या छापील आकृतीवरूनच ती घडवता आली. दडवलेली विद्या कारागिराबरोबर गेली. लिहून ठेवलेली मात्र दोनशे वर्षांनी पुन्हा हालचाल करू लागली.

आपल्याकडच्या मुलांना यातले काही अगदीच अपरिचित नसते. जत्रेत मिळणारी, खाली लोंबणारे वजन गोल फिरवले की आळीपाळीने दाणे टिपणाऱ्या कोंबड्यांची फळी त्यांनी हातात घेतलेली असते. गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यात गदा उगारणारा भीम आणि मान डोलावणारा ऐरावत त्यांनी पाहिलेला असतो. सिंधुदुर्गातील मुलांना तर पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्या घरच्याच. शिवाय होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून पुढे आलेल्या आणि नंतर पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांसाठी काम केलेल्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्या भांडवलावर भूमिती आणि यंत्रशास्त्र कसे उभे राहते हे दाखवून दिल्यापासून, साहित्य नाही ही सबब सांगण्यात फारसा दम उरलेला नाही.

साहित्य म्हणजे तरी काय? किराणा दुकानातून सहज मिळणारे नालीदार पुठ्ठ्याचे खोके, बांबूच्या काड्या, स्ट्रॉ किंवा संपलेल्या बॉलपेनच्या नळ्या, झिजलेल्या चपलांचे रबर, फेविकॉल, कात्री आणि भोके पाडण्यासाठी दाभण. खोके वीतभर रुंद पुरे. त्याच्या पुढच्या व मागच्या भिंती कापून टाकल्या की चार भिंतींची चौकट उरते, आणि ती लगेच डळमळू लागते. म्हणून चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचे त्रिकोण चिकटवावे लागतात. त्रिकोण दबत नाही आणि चौकोन दबतो, हे भूमितीच्या पुस्तकात वाचलेले विधान बहुतेक मुलांच्या बोटांना येथे प्रथमच भेटते. डाव्या-उजव्या भिंतींतून आडवी काडी आरपार घालावयाची, ती आस. तिच्या बाहेरच्या टोकाला मूठ. आसावर पेटीच्या मधोमध रबराची चकती. छताला भोक पाडून त्यात स्ट्रॉचा तुकडा उभा चिकटवायचा, त्यातून दुसरी काडी खाली सोडायची आणि तिच्या खालच्या टोकाला चकतीहून थोडी मोठी थाळी बसवायची, ती चकतीच्या कडेवर टेकून राहते. मूठ फिरवली की चकती फिरते, थाळी हलते आणि छतावरचे सोंग जिवंत होते. एवढेच यंत्र आहे. यापुढचे सर्व काही चकतीच्या आकारात आणि ती कोठे बसवली यात आहे.

गोल चकतीला बरोबर मध्ये भोक पाडले तर थाळी वरखाली होत नाही, आणि पहिल्या तासाला निम्मी मुले हटकून तसेच करतात, करू द्यावे. मग भोक मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला सरकवायला सांगावे आणि काडी किती उचलली जाते ते पट्टीने मोजायला लावावे. उत्तर दोन सेंटिमीटर येते, एक नव्हे. भोक जेवढे सरकले त्याच्या दुप्पट. का, हे फळ्यावर लिहून देण्याची घाई करू नये, कारण चकतीची जवळची व लांबची कड हाताने फिरवून पाहताना कोणीतरी ते स्वतःच बोलून दाखवते. तीन पाकळ्यांची चकती एका फेरीत तीनदा उडवते. शंखाच्या वळणाची चकती सावकाश चढवते आणि कड संपताच धप्पकन सोडून देते. मुसळ कांडणारी बाई, झाडावरून पडणारा नारळ, चेंडूवर झेपावणारा यष्टिरक्षक ही सगळी सोंगे या चकतीची. मात्र ती एकाच दिशेने फिरते. उलट फिरवली की थाळी तिच्या उभ्या कडेवर अडते आणि काडी तरी मोडते, नाहीतर पेटी तरी.

शिक्षणाचे अर्धे काम बिघाडच उरकतात. थाळी वर जाते पण खाली येत नाही, कारण परत आणण्याचे काम कोणतीही कमान करीत नसून निव्वळ वजन करते, आणि पुठ्ठ्याचे सोंग फार हलके असते. थाळीवर लोखंडी वायसर किंवा एखादे नाणे चिकटवले की भागते. काडी तिरकी होऊन अडकते, कारण स्ट्रॉचा तुकडा आखूड कापलेला असतो. तो लांब केला की काडी सरळ राहते. चकतीची चढण फार उभी असेल तर ती थाळीला वर उचलण्याऐवजी बाजूला ढकलते. अभियांत्रिकीच्या वर्गात याला दाबकोन म्हणतात व तो साधारण ३० अंशांच्या आत ठेवावा असा संकेत आहे, पण आठवीच्या मुलाला चढण थोडी पसरट कर एवढे सांगणे पुरते.

याहून मौजेचा बिघाड नंदीबैलाचा. पाऊस पडेल का, असे विचारल्यावर होकाराची मान हलवणारा नंदीबैल गावाकडची मुले हमखास करू मागतात. मान काडीच्या वरच्या टोकाला लावली आणि सरकवलेल्या भोकाची चकती खाली दिली की तो हो म्हणू लागतो. पण चकती थाळीच्या बरोबर मध्याखाली न येता थोडी बाजूला बसली की ती थाळीला उचलता उचलता फिरवूही लागते, आणि मग वर्गात हाक येते, “बाई, माझा नंदीबैल मान गरगर फिरवतोय!” त्या वेळी ते दुरुस्त करून देण्याची जी शिक्षकी सवय हाताला असते तिला आवर घालावा. घर्षणाने गती दुसऱ्या आसावर पोहोचते, हा गिरणीच्या पट्ट्यापासून चालत आलेला सिद्धांत त्या मुलीने नकळत शोधून काढलेला असतो. तेथेच हिशेबही घालता येतो: मध्यात भोक असलेली तीन सेंटिमीटर त्रिज्येची चकती थाळीच्या मध्यापासून दोन सेंटिमीटरवर टेकली, तर मुठीच्या एका फेरीत थाळी दीड फेरी घेते, अर्थात ती मध्ये घसरली नाही तर. फुगडी खेळणाऱ्या मुली याच युक्तीने फिरतात. आणि आसावर दोन चकत्या, थाळीच्या मध्याच्या एक अलीकडे व एक पलीकडे, परस्परविरुद्ध दिशांना सरकवून बसवल्या, तर त्या आळीपाळीने थाळीला लागतात, मान डावीकडे-उजवीकडे वळते आणि नंदीबैल नाही म्हणावयास शिकतो. हो आणि नाही यांतील अंतर एका जास्तीच्या चकतीचे आहे.

येथे एक मतभेदाचा मुद्दा. पुष्कळ शिक्षक आधी गोष्ट ठरवायला सांगतात, तिचे चित्र काढून घेतात, मग तिला साजेशी यंत्ररचना शोधावयास लावतात. माझा अनुभव याच्या विरुद्ध आहे. गोष्ट आधी ठरली की मुले अफझलखानाचा वध किंवा रामसेतूसारखे विषय हाती घेतात, ते पुठ्ठ्यात उतरत नाहीत, आणि शेवटी शिक्षकच रात्री बसून पेट्या पुऱ्या करतो. याउलट आधी नुसती पेटी चालू करावी, काडीचे उघडे टोक वरखाली होताना सर्वांनी चार मिनिटे पाहावे आणि मगच ही हालचाल कोणाची असेल असे विचारावे. एकाच हालचालीतून कोणाला उचकी लागलेले आजोबा दिसतात, कोणाला वारीतील पावली, कोणाला भिंतीआडून डोकावणारे मांजर. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये नावारूपाला आलेल्या, पण १९७९ मध्ये कॉर्नवॉलच्या फालमथ गावी सू जॅक्सन या बाईंच्या लहानशा हस्तकलेच्या दुकानातून सुरू झालेल्या ‘कॅबरे मेकॅनिकल थिएटर’च्या कारागिरांच्या पुतळ्या पाहिल्या, तर त्यांचा विनोदही बव्हंशी असाच हालचालीतून निघालेला दिसतो, आणि तेथेही कळ बहुधा उघड्यावरच असते.

व्यवस्थेचे थोडे. एका तासिकेत हे काम बसत नाही. जोडतास मिळवण्याची तजवीज मुख्याध्यापकांकडून आधीच करून घ्यावी, आणि अर्धवट पेट्या ठेवण्यासाठी एक कपाट मागून घ्यावे. गुण द्यावयाचेच असतील तर सोंगाच्या रंगरंगोटीला कमी द्यावेत. मी स्वतः मुलाने दुसऱ्याच्या पेटीची आकृती काढून ती कशी चालते हे चार वाक्यांत लिहिले तर त्याला अधिक मोल देईन, कारण आपल्या पेटीविषयी प्रत्येकजण बोलतो, पण शेजाऱ्याची कळ वाचता येणे हे खरे वाचन.

राहता राहिला विजेचा प्रश्न. स्नेहसंमेलनाची तारीख जवळ आली की कोणीतरी पालक छोटी मोटर आणून देतो आणि पेटी आपोआप चालली तर प्रदर्शनात शोभून दिसेल असे सुचवतो. माझी हरकत आहे. हाताने मूठ फिरवणाऱ्याला चढणीवर दांडा जड होतो तो क्षण बोटांत कळतो, आणि उतारावर तो हलका होतो तोही. मोटर ही बातमी कोणालाच देत नाही. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर १७९९ मध्ये इंग्रजांनी उचलून नेलेला टिपूचा वाघ, जो आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, त्यालाही मूठच आहे. ती फिरवली तरच पंज्याखालच्या गोऱ्याचा हात उठत असे व त्याच्या कण्हण्याचा आवाज निघत असे. तेव्हा प्रदर्शनातही पाहुण्यांनाच मूठ फिरवू द्यावी. फक्त शंखाच्या चकतीच्या पेट्यांवर मुठीशेजारी दिशेचा बाण ठळक रंगवावा. पाहुणे तो वाचत नाहीत, त्यांची धाकटी भावंडे तर मुळीच नाही. म्हणून चार-सहा चकत्या, काड्यांची एक जुडी आणि दाभण टेबलाखाली तयार ठेवावे, आणि मोडलेली पेटी ज्याची त्यानेच, तेथेच, लोकांसमक्ष दुरुस्त करावी.