दूरचं युद्ध, घरातलं मत

आजचा प्रश्न असा, की हजारो किलोमीटर लांब चाललेल्या युद्धाला आधी पाठिंबा देणारे लोकच नंतर त्याच्या विरोधात का जातात? उदाहरण घेऊया व्हिएतनामचं. तिथे लढणाऱ्या अमेरिकेत नेमकं हेच झालं.

गॅलप ही संस्था अमेरिकनांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती: व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती का? ऑगस्ट १९६५ मध्ये साधारण २४ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ऑगस्ट १९६८ मध्ये निम्म्याहून जास्त.

याचं श्रेय अनेकदा टीव्हीला दिलं जातं. वॉल्टर क्रॉन्काइट या नामांकित वृत्तनिवेदकाने फेब्रुवारी १९६८ मध्ये सांगितलं की हे युद्ध कोंडीत अडकलंय, आणि देश बदलला, अशी ती गोष्ट. पण तारखा बघा. ऑक्टोबर १९६७ मध्येच ‘चूक’ म्हणणारे पुढे गेले होते.

मग खरं कारण काय? मला तीन दिसतात.

पहिलं, शवपेट्या. राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी कोरिया आणि व्हिएतनाम ही दोन्ही युद्धं ताडून पाहिली. मृतांची एकूण संख्या वाढते तसा पाठिंबा घटतो, आणि सुरुवातीच्या मृत्यूंचा धक्का सर्वात मोठा असतो, असं त्यांना दिसलं.

दुसरं, सक्तीची सैन्यभरती. कॉलेजात शिकणाऱ्यांना सवलत मिळायची, त्यामुळे ओझं जास्त करून गरीब आणि कामगार घरांवर पडलं. युद्ध लांबचं, पण पत्र येणार घरीच!

तिसरं, शब्द आणि वास्तव यांतली दरी. नोव्हेंबर १९६७ मध्ये जनरल वेस्टमोरलँड शेवट दिसू लागल्याचं सांगत होते. दोनच महिन्यांत टेट सणाच्या वेळी शंभराहून अधिक शहरा-गावांवर हल्ले झाले, सायगावच्या अमेरिकन दूतावासावरही. हल्ले परतवले गेले, पण भरवसा गेला तो गेलाच. ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं.

आता एक गंमत. विरोध म्हणजे तरुणांचे मोर्चे, असं आपल्याला वाटतं ना? पाहण्यांमध्ये उलट दिसतं. युद्धाला चूक म्हणणाऱ्यांचं प्रमाण वयस्कर लोकांत जास्त होतं. आणि त्यातल्या अनेकांना मोर्चेवाले मुळीच आवडत नव्हते. काहींचं म्हणणं तर ‘जोरात लढा, नाहीतर परत या’ असं होतं. म्हणजे ‘युद्ध नको’ या एका उत्तरामागे किती वेगवेगळी मतं असतात बघा.

आणि मत फिरलं म्हणून युद्ध थांबतं का? नाही हो. बहुमत १९६८ मध्ये फिरलं, पॅरिसचा करार झाला जानेवारी १९७३ मध्ये. १९६९ पासून पुढे आणखी वीस हजारांहून जास्त अमेरिकन सैनिक गेले. व्हिएतनामी माणसं तर त्याच्या कितीतरी पट.

म्हणून मला वाटतं, लोकांचं मत कधी फिरलं यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की ते फिरल्यावर सत्तेने ऐकायला किती वर्षं लावली. त्या वर्षांची किंमत कोणी मोजली, हे विसरू नका. भेटूया पुढच्या भागात.