हात शाबूत, दावा नामंजूर

मोटरसायकलवरून फेकलेल्या माणसाचा खांदा रस्त्यावर आपटतो, मान दुसऱ्या बाजूला हिसकली जाते आणि मानेतून हाताकडे जाणारा नसांचा जुडगा ताणला किंवा तुटला जातो. ही ब्रेकियल प्लेक्ससची इजा. हाड मोडलेलं नसतं, खरचटलेलं भरून येतं. हात मात्र लोंबकळत राहतो. अशा माणसाने वैयक्तिक अपघात विम्याचा दावा केला, की कधी कधी उत्तर येतं : कायमस्वरूपी अपंगत्व सिद्ध होत नाही. घरच्यांचा संताप होतो. पण पुष्कळदा गोम कागदांत असते आणि ती दुरुस्त करता येते.

अवयव 'गमावणे' म्हणजे तो तुटून वेगळा होणे किंवा त्याचा वापर पूर्णपणे व कायमचा जाणे, अशी व्याख्या बहुतेक पॉलिसींत असते. इथे दुसरा भाग लागू होतो. मात्र अनेक पॉलिसींत हे अपंगत्व अपघातापासून १२ महिन्यांत आलेलं असावं, अशीही अट असते. आणि नस पुन्हा वाढते ती दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. मानेपासून बोटांपर्यंतचं पाऊण मीटर अंतर कापायला तिला दोन वर्षं लागतात. त्यामुळे सावध डॉक्टर वर्षाच्या आत 'कायमस्वरूपी' हा शब्द लिहायला कचरतात. 'सुधारणा अपेक्षित, फिजिओथेरपी चालू ठेवा' असं लिहितात. रुग्णाला धीर देणारं हेच वाक्य कंपनी दावा नाकारताना पुढे करते.

यावर उपाय खोटा दाखला नव्हे, नेमका दाखला. नस मणक्यापाशी मुळातून उपटली गेली असेल, तर ती आपोआप जुळत नाही. एमआरआयमध्ये ते बऱ्याचदा दिसतं. शिवाय दीड-दोन वर्षं संदेशच न मिळालेला स्नायू निकामी होतो, मग उशिरा पोचलेल्या नसेचा उपयोग नाही. म्हणून कोणती नस, ईएमजी तपासणीत काय आढळलं, ० ते ५ या मापावर स्नायूंची ताकद किती आणि उपयुक्त सुधारणेची आशा का नाही, हे डॉक्टरांकडून कारणासह लिहून घ्यावं. पेला उचलता येतो का, बटण लावता येतं का, हेही त्यात हवं. नुसतं निदान पुरत नाही.

सरकारी दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी मात्र कंपनीच्या तक्त्याशी जुळेलच असं नाही. हात गेलेल्या सुताराचं आणि कारकुनाचं नुकसान सारखं नसतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं. पण तो निकाल मोटार अपघात भरपाईचा. पॉलिसी करारातल्या तक्त्यावर चालते. सुतार असो वा कारकून, रक्कम तीच. (समोरच्या वाहनाची चूक असेल, तर न्यायाधिकरणाकडचा दावा वेगळा करता येतो. अनेकांना हे ठाऊकच नसतं.)

नकाराचं पत्र लेखी, पॉलिसीतल्या कलमासह मागा आणि त्यातल्या प्रत्येक कारणाला उत्तर द्या. पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात म्हटलं आहे. दावा कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाचं २०११ चं परिपत्रकही आहे.

पहिला अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतचा दावा चालतो आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो तुमच्या विरोधात गेला, तरी ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. तिथे मुदत दोन वर्षांची, म्हणून नकाराच्या पत्राचा लिफाफाही टाकून देऊ नका. त्यावर तारखेचा शिक्का असतो.