बाळंतिणीचा न दिसणारा व्यायाम

खोकला आला की लघवीचे थेंब गळतात, हंडा उचलला की लुगडं ओलं होतं, ही तक्रार बाया एकमेकींजवळसुद्धा दबल्या आवाजात करतात. थोरल्या बाया म्हणतात, "बाळंतपण झालं की हे असं चालायचंच." मग ती बाई लग्नकार्य टाळते, एस.टी.त बसायला भिते. पण हे चालायचंच असं नाही, बरं का!

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि शेवटचं आतडं तिनंच तोललेलं असतं. मूल बाहेर येताना ही झोळी फार ताणते, कधी फाटते. टाक्यांनी जखम जुळते. पण गेलेला जोर आपोआप पुरता येतोच असं नाही. तो व्यायामानं आणावा लागतो. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामाविषयी लिहिलं, तेव्हापासून तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. आपल्या योगातला मूलबंध ह्याच जातीचा.

लघवीची नळी निघाली आणि दुखणं सोसवेल इतकं कमी झालं की सुरुवात करावी. उताणं निजून गुडघे दुमडा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसं आवरून धरतो, तसंच मागून पुढपर्यंत आवळा आणि आत, वर ओढा. पाच मोजेपर्यंत धरा, मग तितकाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. आरंभी दोनच मोजता आले तरी हरकत नाही. हळूहळू दहापर्यंत जा. श्वास कोंडू नका, मांड्या आवळू नका. खाली जोर लावणं तर अगदीच उलटं. लघवी करताना ती मध्येच थांबवण्याची सवयही लावून घेऊ नका.

पुढे हे बसून, उभ्यानं, भाकरी थापतानाही करता येतं. कुणाला कळतसुद्धा नाही. शिंक येण्याआधी, ओझं उचलण्याआधी आवळून धरलं तर गळणं तिथल्या तिथे कमी होतं. निदान तीन महिने नेमानं करा. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देणाऱ्याच फार!

मात्र लघवी रात्रंदिवस पाझरत असेल, तर मूत्राशयाला भोक पडलेलं असू शकतं. ते व्यायामानं बुजत नाही, शस्त्रक्रिया लागते. शौच आवरत नसेल, अंग बाहेर येत असेल, ताप किंवा टाक्यांतून पू असेल, तर लाज न धरता दवाखाना गाठा.

शाळेतल्या बाईंनी हे महिला मंडळात वाचून दाखवावं, पुरुषमंडळी नसताना. एक धीट बाई बोलली की बाकीच्या बोलतात. आणि सासूबाई, पहिला दीड महिना तरी भरला हंडा सुनेच्या डोक्यावर देऊ नका.