बॉल पायांतून गेला तेव्हा स्कोअर काय होता?

गेल्या सेमिस्टरला क्रीडा पत्रकारितेच्या पेपरसाठी आम्हाला एक असाइनमेंट होती. खेळातला एखादा गाजलेला क्षण निवडायचा आणि त्यावर नव्वद सेकंदांचा व्हॉइसओव्हर लिहायचा. सगळ्या वर्गानं क्रिकेट घेतलं. मला जरा वेगळं काहीतरी करून भाव खायचा होता, म्हणून मी बेसबॉल घेतला. ‘मनीबॉल’ दोनदा पाहिला होता, तेवढ्या भांडवलावर.

क्लिप होती २५ ऑक्टोबर १९८६ची. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. बोस्टन रेड सॉक्सचा बिल बकनर पहिल्या बेसपाशी उभा आहे. न्यूयॉर्क मेट्सचा मुकी विल्सन एक साधा, सरपटी फटका मारतो. बकनर वाकतो, आणि बॉल त्याच्या दोन्ही पायांमधून सरळ मागे निघून जातो. मेट्सचा रनर घरी. मॅच खल्लास. मी झोकात लिहिलं, ‘या एका चुकीनं बोस्टनचा हातातला विश्वचषक गेला आणि बिल बकनर कायमचा खलनायक झाला.’

सरांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “बॉल पायांतून गेला तेव्हा स्कोअर काय होता?”

मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल, त्यात काही लाजण्यासारखं नाही. पण मी त्या माणसाला खलनायक म्हणून मोकळी झाले होते, त्यामुळे मला लाज वाटली.

तर स्कोअर होता ५-५. म्हणजे बरोबरी. त्याआधीचं वाचा आता. दहावी इनिंग, बोस्टन ५-३नं पुढे, मेट्सचे दोन जण बाद, बेसवर कुणीही नाही. आणखी एक बळी मिळाला की १९१८ नंतरचं बोस्टनचं पहिलं विजेतेपद! आणि मग मेट्सनं ओळीनं तीन हिट्स मारल्या, ५-४. बोस्टननं पिचर बदलला, बॉब स्टॅनली आला. त्याचा एक बॉल इतका भरकटला की कॅचरला अडवता आला नाही आणि आणखी एक रन आला, ५-५. आघाडी तिथेच गेली होती. बकनरचा बॉल त्याच्यानंतरचा. बरं, यानंतरही सिरीज संपली नव्हतीच. सातवा सामना बाकी होता. त्यातही बोस्टननं ३-० आघाडी घेतली आणि ८-५नं हरले. म्हणजे बकनरनं तो बॉल अडवला असता तरी मॅच जिंकली नसती, फार तर पुढे चालू राहिली असती.

आता त्याचे पाय. १९७५ मध्ये त्याच्या डाव्या घोट्याला जबर दुखापत झाली आणि ती पुढे आयुष्यभर पुरली. तशा घोट्यांवर तो १९९०पर्यंत खेळला. १९८६च्या त्या हंगामात त्यानं संघासाठी १०२ रन्स बॅटनं घडवून आणले होते. मॅनेजर जॉन मॅकनमारा याला त्याचे पाय माहीत होते, म्हणून त्याच सिरीजमध्ये आघाडी असताना शेवटी शेवटी तो बकनरला बाहेर बसवून डेव्ह स्टेपलटनला फिल्डिंगला पाठवायचा. त्या रात्री पाठवलं नाही. का, यावर बोस्टनमध्ये लोकांच्या दोन पिढ्या भांडल्यात. बकनरला जल्लोषाच्या वेळी मैदानात ठेवायचं होतं, ही त्यातली सगळ्यांत लाडकी थिअरी.

बकनरच्या नावावर एकूण २,७१५ हिट्स आहेत. टेड विल्यम्स हा बोस्टनचा देव. त्याच्या २,६५४. (विल्यम्सची जवळजवळ पाच वर्षं सैन्यात गेली, हे मान्य. तरीही.) पण ‘बकनर’ म्हटलं की लोकांना दिसतात ते दोन पाय आणि त्यांच्यामधली मोकळी जागा.

इथून मी या विषयात जी घुसले ती अजून बाहेर आलेली नाही. कारण बेसबॉलचे चाहते खेळाडू रिटायर झाल्यावर त्याला सोडून देत नाहीत. उलट खरा खटला तेव्हाच सुरू होतो. आणि या खटल्याला चक्क कोर्टसुद्धा आहे. न्यूयॉर्क राज्यातलं कूपर्सटाउन हे छोटंसं गाव, तिथला ‘हॉल ऑफ फेम’. पहिली निवड १९३६ सालची. खेळाडूला रिटायर होऊन पाच वर्षं झाली की ज्येष्ठ बेसबॉल पत्रकार मतदान करतात. ७५ टक्के मतं मिळाली तर आत. ५ टक्क्यांखाली गेलात तर यादीतूनच बाहेर. मधे लटकलात तर दहा वर्षं दरवर्षी तोच ताप.

मत कशावर द्यायचं, याचा नियम लिहिलेला आहे आणि त्यात सहा गोष्टी आहेत. कामगिरी, खेळण्याची क्षमता, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठीचं योगदान. मोजून बघा, सहापैकी तीन माणूस म्हणून तुम्ही कसे आहात याबद्दलच्या! मतं पत्रकारांची असली तरी चाहते हाच नियम घेऊन पिढ्यान् पिढ्या भांडतायत. चारित्र्य म्हणजे काय, हे मात्र नियमात कुठेच सांगितलेलं नाही.

बॅरी बॉन्ड्सचंच घ्या. ७६२ होमरन, एका हंगामात ७३, सात वेळा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. यातलं पहिलं आणि दुसरं दोन्ही विक्रम. पण स्टिरॉइड्सचा संशय त्याला चिकटला तो चिकटलाच. खटला झाला, २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, २०१५ मध्ये तो निकालही रद्द झाला. सॅन फ्रान्सिस्कोत तो आजही हिरो, बाकी बऱ्याच शहरांत त्याला हुर्यो मिळायची. २००७ मध्ये त्यानं ज्या बॉलवर ७५६वा होमरन मारून जुना विक्रम मोडला, तो बॉल मार्क एको या फॅशन डिझायनरनं साडेसात लाख डॉलर्सना विकत घेतला आणि लोकांनाच विचारलं, याचं काय करू? पर्याय तीन. तसाच म्युझियमला द्यायचा, त्यावर तारांकन कोरून द्यायचा, किंवा अंतराळात सोडून द्यायचा. लोकांनी तारांकन निवडलं. तो चांदणी कोरलेला बॉल २००८ मध्ये कूपर्सटाउनला पोहोचला. बॉल आत गेला, मारणारा बाहेर. दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ मध्ये, बॉन्ड्सला ६६ टक्के मतं पडली.

आणि हे सगळं घडत असताना बेसबॉलचा कारभार ज्याच्या हातात होता तो कमिशनर बड सेलिग? त्याला २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये मानानं बसवलं. माझ्या मते हे जास्त खटकणारं आहे.

पीट रोजचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. ४,२५६ हिट्स, आजही कुणी त्याच्या पुढे नाही. स्वतः मॅनेजर असलेल्या संघाच्या सामन्यांवर त्यानं पैसे लावले, १९८९ मध्ये कायमची बंदी आली. पंधरा वर्षं तो ‘मी नाही त्यातला’ म्हणत राहिला आणि २००४ मध्ये पुस्तक काढून कबूल केलं. अनेकांना जुगारापेक्षा ही पंधरा वर्षं जास्त लागली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तो गेला. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यानं ठरवलं की कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे रोज आणि १९१९च्या सामना-निश्चितीमुळे बदनाम झालेला ‘शूलेस’ जो जॅक्सन, दोघेही आता निवडीसाठी पात्र आहेत. मेल्यावर माणूस सुधारतो का हो? पण आपल्याकडेही गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतातच की.

कर्ट शिलिंगमध्ये तर दुखापत आणि स्वभाव एकाच माणसात समोरासमोर उभे राहिलेत. २००४ मध्ये यांकीजविरुद्धच्या सहाव्या सामन्यात घोट्याचा स्नायुबंध सरकू नये म्हणून डॉक्टरांनी त्याला टाके घातले होते. तो तसाच पिचिंगला उतरला, मोज्यावर रक्त दिसत होतं. बोस्टननं ८६ वर्षांचा दुष्काळ त्याच वर्षी संपवला. असं वाटलं असेल की आता या माणसाला कोण काय बोलणार! पण रिटायर झाल्यावर तो सोशल मीडियावर जे काही टाकत गेला त्यानं २०१६ मध्ये टीव्हीवरची नोकरी गेली, आणि २०२१ मध्ये हॉल ऑफ फेम १६ मतांनी हुकला. चिडून त्यानं लिहिलं, माझं नाव यादीतून काढून टाका. काढलं नाही. पुढच्या वर्षी मतं आणखी घसरली. आता प्रश्न असा की मैदानाबाहेरची मतं मैदानातल्या रक्तातून वजा करायची का? माझ्या रूममेटशी यावर माझं तासभर वाजलं. तिचं म्हणणं, मोजा म्युझियममध्ये ठेवा आणि माणसाला घरी. मला हे पटलेलं नाही, पण खोडून काढायलाही अजून जमलेलं नाही.

दुखापतीच्या बाबतीत चाहत्यांचा न्याय फारच लहरी असतो. सँडी कोफॅक्स हा डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९६६ मध्ये २७ सामने जिंकून दिले आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या संधिवातामुळे थांबला. एकूण विजय १६५, फार नाहीत. पण लोकांनी त्याला म्हातारा होताना पाहिलंच नाही. १९७२ मध्ये ३६व्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, सगळ्यांत तरुण.

आता टॉमी जॉन. तोही डॉजर्स, तोही डावखुरा. १९७४ मध्ये कोपरातला अस्थिबंध तुटला. तोवर याचा अर्थ एकच होता, करिअर संपलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. यशाची शक्यता त्यांनीच सांगितली होती, शंभरात एक. जॉन १९७६ला परत आला आणि ४६व्या वर्षापर्यंत खेळला. २८८ विजय, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे! आज बेसबॉलमध्ये शेकडो पिचर्सवर जे ऑपरेशन होतं त्याला ‘टॉमी जॉन सर्जरी’च म्हणतात. डॉक्टर जोब यांचा २०१३ मध्ये कूपर्सटाउनला गौरव झाला. टॉमी जॉन मात्र अजून बाहेर. पंधरा वर्षं यादीत राहून (तेव्हा मुदत पंधरा होती) जास्तीत जास्त मिळाले ३१.७ टक्के. जो लवकर मोडला तो दंतकथा झाला. जो मोडून उभा राहिला त्याच्याबद्दल म्हणतात, ‘तो काय, टिकला म्हणून आकडे जमले.’

आणि योहान सांताना. दोन वेळा सर्वोत्तम पिचर. खांद्याच्या ऑपरेशनमुळे अख्खं २०११ वाया गेलं. परत आल्यावर १ जून २०१२ला त्यानं मेट्सच्या इतिहासातला पहिलावहिला नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. त्यासाठी त्यानं १३४ बॉल टाकले. शंभरीच्या आसपासच पिचरला काढतात आणि इथे तर ऑपरेशन झालेला खांदा. मॅनेजर टेरी कॉलिन्सनं त्याला काढलं नाही, सांतानालाही जायचं नव्हतं. त्या ऑगस्टनंतर तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. मेट्सचे चाहते आजही विभागलेले आहेत, ती रात्र परवडली की नाही यावर. खांदा नक्की त्या १३४ बॉल्सनीच गेला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण वाद थांबत नाही. २०१८ मध्ये त्याला २.४ टक्के मतं मिळाली आणि पहिल्याच वर्षी तो यादीतून गेला.

मी परत बकनरकडे येते, कारण माझं असाइनमेंट अजून बाकी होतं.

१९९०ला तो बोस्टनमध्ये परत खेळायला आला तेव्हा प्रेक्षक उभे राहिले होते. हेही क्लिपमध्ये नसतं. पण रोजचे टोमणे, दर ऑक्टोबरला टीव्हीवर तोच बॉल. १९९३ मध्ये तो कुटुंबाला घेऊन दूर आयडाहोला निघून गेला. ८ एप्रिल २००८ला रेड सॉक्सनं फेन्वे पार्कवर हंगामाचा पहिला बॉल टाकायला त्याला बोलावलं. तो डाव्या फिल्डकडून एकटा चालत आला, अख्खं मैदान उभं, आणि तो डोळे पुसत होता. नंतर पत्रकारांसमोर तो जे बोलला ते मी तीनदा ऐकलं. मनातून माफ करायचं होतं ते बोस्टनच्या चाहत्यांना नव्हे, तर मीडियाला, त्यांनी मला आणि माझ्या घरच्यांना जे भोगायला लावलं त्याबद्दल, असा त्याचा सूर होता. मीडियाला. म्हणजे आम्हाला. माझ्या त्या झोकदार वाक्यालासुद्धा.

मुकी विल्सन आणि बकनर पुढे मित्र झाले. दोघं शेजारी बसून त्या क्षणाच्या फोटोवर सह्या करायचे. तो बॉल २०१२ मध्ये लिलावात चार लाख डॉलर्सच्या वर गेला. बकनर मे २०१९ मध्ये वारला, ६९ वर्षांचा होता. बहुतेक बातम्यांच्या पहिल्याच वाक्यात तो बॉल होता.

मी व्हॉइसओव्हर पुन्हा लिहिला. स्कोअर घातला, घोटा घातला, स्टॅनलीचा बॉल घातला, २,७१५ हिट्स घातल्या. ‘खलनायक’ काढला. रेकॉर्ड केला तर दोन मिनिटं दहा सेकंद झाला. सर म्हणाले, आता बरोबर आहे. आणि वेळ पाळली नाही म्हणून दोन मार्क कापले.