पाळीव उंदरांचा संसार

उंदीर हा शब्द ऐकतांच घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत पहिल्यानें सापळाच उभा राहतो. त्यांत त्यांचा दोष नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. पुढें जिन्याखालीं उंदीर मरून पडला कीं बिऱ्हाड मोडावें आणि गांवाबाहेर झोपडी बांधून राहावें, ही त्या दिवसांची हकीकत कित्येक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. गणेशचतुर्थीस गजाननाच्या पायापाशीं बसलेल्या मूषकाला आपण हात जोडतों आणि त्याच रात्रीं कोठीच्या खोलींत सापळा लावतों. अशा घरांत उंदीर पाळावा, इतकेंच नव्हे तर त्याच्यासाठीं खेळणीं करावीं, असें आम्ही सुचवूं लागलों तर वाचक हंसतील हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्या घरींही प्रथम हंसेंच झालें होतें.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाळीव उंदीर म्हणजे कोठींतील उंदीर धरून माणसाळविलेला नव्हे. रानटी उंदरापासून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग होतात. त्याला पाळण्याच्या भरीस कोणींही पडूं नये. पाळीव उंदीर हा मूळ तपकिरी जातीचा खरा, परंतु पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हातीं वाढलेला. एकोणिसाव्या शतकांत लंडनमध्यें जॅक ब्लॅक नांवाचा एक गृहस्थ व्हिक्टोरिया राणीचा उंदीर पकडणारा म्हणून मिरवीत असे. पकडलेल्यांपैकीं निराळ्या रंगाचे उंदीर तो जतन करी व त्यांची पैदास करून विकी. पुढें १९०१ सालीं एल्सबरी येथील प्रदर्शनांत मेरी डग्लस या बाईंनीं उंदरांना स्थान मिळवून दिलें आणि हा छंद प्रतिष्ठित झाला. प्रयोगशाळेंतील पांढरे उंदीरही याच तपकिरी जातीचे.

आमच्या धाकट्या पुतण्यानें असा एक पांढरा उंदीर घरीं आणला. आम्ही त्याला चकचकीत पिंजरा दिला, धान्याची वाटी दिली, पाण्याची बाटली टांगली. पिंजरा रोज स्वच्छ होई. आपण एका मुक्या जिवाचें उत्तम करीत आहों, अशी आमची समजूत होती. परंतु तिसऱ्या आठवड्यापासून तो रात्रभर पिंजऱ्याचे गज कुरतडूं लागला आणि दिवसा कोपऱ्यांत तोंड खुपसून बसूं लागला. उंदराचा स्वभावच तो, असें म्हणून आम्ही कानांवर पांघरूण ओढीत असूं.

आमच्या आत्याबाई सोवळ्याच्या. पिंजऱ्यापासून चार हात दूर राहून त्या जात. एके दिवशीं सकाळीं त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे, त्याला काम नाहीं, बोलायला कोणी नाहीं. नुसतें खायला घातलें म्हणजे झालें का?” यजमान गेल्यावर आत्याबाईंनीं कोंकणांतल्या मोठ्या घरांत सहा वर्षें एकटीनें काढलीं होतीं. त्यांच्या या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

आत्याबाईंनीं जें अनुभवानें सांगितलें, तें शास्त्रज्ञांनीं मोजूनही पाहिलें आहे. माँट्रियल येथील डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञानें कांहीं उंदीर आपल्या घरीं पाळले. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत वाढलेल्या उंदरांपेक्षां ते बुद्धीच्या कसोटींत सरस ठरले, असें त्यानें १९४९ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत बर्कले येथें रोझेन्झ्वाइग, बेनेट, क्रेच आणि मॅरियन डायमंड यांनीं कांहीं उंदीर सोबत्यांसह व नित्य नव्या खेळण्यांसह ठेविले, तर कांहीं रिकाम्या पिंजऱ्यांत एकटे ठेविले. खेळणाऱ्यांच्या मेंदूचें बाहेरील आवरण अधिक जाड झालेलें आढळलें. तेव्हां उंदराचें खेळणें ही चैन नसून अन्नपाण्याइतकीच गरज आहे, हें आम्ही उशीरां कां होईना शिकलों.

पहिली गरज सोबत्याची. उंदीर कळपांत राहणारा प्राणी आहे. एकच उंदीर पाळणें हा अन्यायच होय. दोन नर किंवा दोन माद्या ठेवाव्या, नाहींतर थोड्याच महिन्यांत घर पिलांनीं भरेल. नवा सोबती एकदम जुन्याच्या पिंजऱ्यांत सोडूं नये. कांहीं दिवस पिंजरे शेजारीं ठेवून परस्परांच्या वासाची ओळख होऊं द्यावी.

दुसरी गरज कुरतडण्याची. उंदराचे पुढचे दांत जन्मभर वाढतात, म्हणून त्याला झिजविण्यास कांहीं तरी हवें. नारळाची धुऊन वाळविलेली करवंटी याला फार उत्तम. तीच पालथी घालून कडेला वाटोळें दार कोरलें कीं लहान पिलास निजावयास खोली होते. अक्रोडाला लहानसें भोंक पाडून दिला तर आंतला गर काढण्यांत उंदराची एक सबंध रात्र सुखांत जाते. रंग किंवा रोगण लाविलेलें लांकूड मात्र देऊं नये. पिंजऱ्यांत देवदाराचा किंवा चीडाचा भुसाही पसरूं नये. त्याच्या उग्र वासानें उंदराच्या श्वसनमार्गास अपाय होतो. कागदाचे कपटे बरे.

तिसरी गरज चढण्याची आणि लपण्याची. काथ्याचा दोर तिरपा बांधला कीं शिडी झाली. पुठ्ठ्याच्या नळ्या जोडल्या कीं भुयार झालें. सुती कापडाचा चौकोन चार टोकांनीं टांगला म्हणजे झोळी होते, आणि उंदरांना तींत एकमेकांच्या अंगावर पडून झोंपणें अतिशय आवडतें. कडा नीट दुमडून शिवाव्या. सुट्या दोऱ्यांत त्यांचीं नखें अडकतात. आमच्या पिंजऱ्यांतील पहिली झोळी आत्याबाईंच्या जुन्या लुगड्याची आहे. तें त्यांनीं स्वतःच फाडून दिलें, दुरून.

चौथी गरज शोधून खाण्याची. वाटींत वाढलेलें अन्न खाण्यापेक्षां हुडकून काढलेलें अन्न त्यांना अधिक गोड लागतें. कागदाच्या पुड्यांत ज्वारीच्या लाह्या किंवा कुरमुरे बांधून पिंजऱ्यांत दडवावे. एखाद्या परळांत स्वच्छ माती घालून गहूं पेरावे. अंकुर वर आले कीं परळ आंत ठेवावा आणि उकराउकरीची मौज पाहावी. उन्हाळ्यांत पसरट थाळींत बोटभर पाणी घालून वाफवलेले मटार सोडावे. ते काढतांना उंदीर खेळतो आणि थंडही होतो. उष्मा त्याला सोसत नाहीं, म्हणून ओलें कौल निजावयास द्यावें.

खाऊंत थोडें तारतम्य हवें. उंदराला ओकतां येत नाहीं. एकदां गिळलेलें बाहेर टाकण्याचा मार्गच त्याला नाहीं. म्हणून चिकट पदार्थ देऊं नयेत. कच्चा राजमा विषारी आहे. संत्र्याच्या सालींतील तेलानें नर उंदराच्या मूत्रपिंडास अपाय होतो. तळलेलें, खारट व गोड हें आपल्या पानांत राहूं द्यावें. काकडी आणि वाफवलेला भोपळा एवढ्यावर तो प्रसन्न असतो.

खेळण्यांची मांडणी आठवड्यास बदलावी, परंतु सगळें एकाच दिवशीं धुऊन टाकूं नये. एखादी जुनी वस्तु आंत राहूं द्यावी. आपल्या वासाची खूण राहिली म्हणजे घर परकें वाटत नाहीं. आणि रोज तासभर त्यांना बाहेर काढून हातांवर खेळवावें. याक पांकसेप या शास्त्रज्ञानें दाखविलें आहे कीं, गुदगुल्या केल्या असतां उंदीर आपणांस ऐकूं न येणाऱ्या उंच स्वरांत चिवचिवतात, आणि पुन्हां गुदगुल्या मिळाव्या म्हणून हाताच्या मागें धांवतात.

या साऱ्याला पैसा लागत नाहीं. लागतें तें लक्ष. आमचा पुतण्या पूर्वीं पुठ्ठ्याचें खोकें दिसलें कीं लाथेनें उडवी. आतां तें उचलून, यांत दार कोठें पाडावें, याचा विचार करतो.

उंदराचें आयुष्य दोन-तीन वर्षांचें. आमचा पहिला पांढरा उंदीर गेल्या पौषांत गेला. पुतण्यानें त्याला जाईच्या वेलाखालीं पुरलें आणि त्या दिवशीं तो जेवला नाहीं. आम्ही त्याची समजूत घालीत होतों. इतक्यांत आत्याबाई माजघरांतून म्हणाल्या, “रडणें मागाहून होईल. आधीं त्या दुसऱ्याची सोय पाहा; त्याला एकटें ठेवूं नका.”

त्याच आठवड्यांत दोन तरणे सोबती आणले. पहिले कांहीं दिवस त्यांचा पिंजरा शेजारीं होता. आतां तिघेही लुगड्याच्या झोळींत निजतात.